यात्रेकरूची हुंडी आणि आजचें कार्ड
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या महिन्यांत आमच्या शेजारच्या घरीं त्र्यंबकेश्वरास जाण्याची तयारी चालली होती. तीन दिवसांचा विधि, पांच माणसांचा मुक्काम, दक्षिणा, जेवणखाण आणि गाडीभाडें असा सारा अंदाज कागदावर मांडून झाला आणि मग पैसे न्यावयाचे कसे, हा प्रश्न निघाला. घरच्या आजीबाईंनीं आपला बटवा पुढें केला. त्यांच्या नातवानें पाकिटांतून तीन कार्डें काढून पत्त्यांसारखीं मांडलीं : एक डेबिट कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि एक आगाऊ पैसे भरून ठेवण्याचें प्रीपेड कार्ड. आजीबाईंनीं तिन्ही कार्डें चष्म्याजवळ नेऊन न्याहाळलीं व विचारलें, "अरे, हीं तर सारखींच दिसतात. यांतलें एखादें कुशावर्ताच्या गर्दींत पडलें, तर बुडालें कोणाचें, एवढें मला सांग." नातू हंसून म्हणाला, "आजी, तूं उगीच काळजी करतेस. पडेल कशाला?" आजीबाईंचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं.

कारण आजीबाईंचा प्रश्न जुना आहे. घर सोडून दूरच्या तीर्थास निघणाऱ्या प्रत्येक पिढीला तो पडला असला पाहिजे. पैसा देण्याचें साधन कोणतेंहि असो, तें पत्करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. पैसा कोणाचा, आपला स्वतःचा कीं दुसऱ्याचा उसना? तो चुकता करावयाचा केव्हां, आतांच कीं मुदतीनें? आणि साधन हातचें गेलें तर जोखीम कोणाच्या शिरावर? कार्डाच्या रंगावरून किंवा त्यावर मिळणाऱ्या बक्षिसांवरून निवड करणारा माणूस या तीन प्रश्नांना बगल देतो आणि पुढें केव्हां तरी त्याची किंमत मोजतो. आपल्या पूर्वजांनीं हे प्रश्न फार बारकाईनें सोडविले होते. त्याचा माग घेण्यासाठीं दूर जावयास नको; नाशिक आणि त्र्यंबक यांच्या परिसरांतच पुरेसे पुरावे आहेत.

नाशिकहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें म्हणजे पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे शिलालेख कोरलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ते लेख दानधर्माचे असले, तरी त्यांची भाषा पेढीवरच्या मुनिमाला शोभेल अशी आहे. उषवदातानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. व्याज तेवढें खर्चावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें, आणि लेण्यांत राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे, असें लेखांत म्हटलें आहे. वीस गुणिलें बारा म्हणजे दोनशें चाळीसच. हिशेब दमडीनेंहि चुकत नाहीं. शिवाय पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, असा चांदी व सोनें यांचा भावहि त्याच लेखांत नोंदला आहे, आणि हा सारा व्यवहार निगमसभेंत ऐकविला व दप्तरीं नोंदविला, असेंहि सांगितलें आहे. पैसा कोणाचा, व्याज किती, मुदत काय आणि साक्ष कोणाची, हें सारें भर दगडांत कोरून ठेवणारे हे लोक होते. शेंकडा एक हा त्यांचा दर श्रोत्यांनीं मनांत धरून ठेवावा. शेवटीं त्याची गरज लागणार आहे.

दुसरा पुरावा जमिनींतून निघाला. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी या गांवीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. तीं मूळचीं नहपानाचीं. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. चांदी तीच, वजन तेंच. बदलला तो केवळ त्या चांदीमागें उभा राहणारा शब्द. धातूला मोल असतेंच, पण बाजारांत नाणें चालतें तें त्याच्यामागें कोण उभा आहे, यावर.

तिसरा पुरावा तर त्र्यंबकच्या वाटेवरचाच आहे. नाशिकहून त्र्यंबकास जातांना डाव्या हातास अंजनेरीचा डोंगर दिसतो. या अंजनेरीस सांपडलेल्या, इ. स. ७१० च्या सुमाराच्या, भोगशक्ति राजाच्या ताम्रपटांत रकमा सांगतांना 'कृष्णराजरूपक' या नाण्याचें नांव येतें. हा कृष्णराज कलचुरि घराण्याचा राजा. तो सहाव्या शतकांत होऊन गेला. म्हणजे राजा जाऊन शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, त्याच्या वंशाचें राज्यहि गेलें, तरी त्याच्या नांवाचें नाणें या भागांत चालूच होतें! लोकांच्या हातांत एकदां विश्वास बसला कीं तो राजवटीपेक्षांहि दीर्घायुषी ठरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच अंजनेरीजवळ नाणकशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली, हा योगायोग मोठा गोड आहे.

आतां आपण पेशवाईंत येऊं. त्र्यंबकेश्वराचें आजचें काळ्या पाषाणाचें देवालय नानासाहेब पेशव्यांनीं बांधविलें. १७५५ सालीं काम सुरू झालें व तें १७८६ सालीं पुरें झालें, आणि त्यास सोळा लक्ष रुपये लागले, असें सांगतात. आज आपण 'सोळा लक्ष रुपये' एवढेंच ऐकतों आणि पुढें जातों. त्या काळच्या सराफानें मात्र लगेच विचारलें असतें, "कोणते रुपये?" कारण रुपया एक नव्हता. पुण्याकडे अंकुशी रुपया चाले. जवळच चांदवडच्या टांकसाळेचा चांदवडी रुपया होता. खुद्द नाशकास टांकसाळ होती व तिच्या नाण्यांवर नाशिकचें मोंगली नांव गुलशनाबाद असे. गुजराथेंतून येणारा यात्रेकरू सुरती रुपये आणी. टांकसाळ कोणती, कस कसा, वजन किती, झीज किती, हें पाहून सराफ प्रत्येक रुपयावर बट्टा लावी. आपल्या गांवीं शंभर रुपये मोजून निघालेला गृहस्थ तीर्थास पोंचेपर्यंत, वाटेंत एक पैहि न खर्चतां, शंभराच्या खालीं आलेला असे. 'बट्टा लागणें' हा शब्द आपण अब्रूसंबंधीं वापरतों. त्याचा जन्म या सराफकट्ट्यावर झाला.

आणि बट्टा ही तर लहान पीडा. मोठी भीति वाटमारीची होती. चांदीचे दोन-तीनशें रुपये म्हणजे अडीच-तीन शेर वजन. तें कमरेच्या कशांत बांधून घाट उतरणारा माणूस चालण्यावरूनच ओळखूं येई. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले आणि त्या धामधुमींत सांपडले. मिळविलेलें द्रव्य लुटालुटींत गेलें. ते घरीं परतले ते गंगेची कावड आणि आठवणी घेऊन. त्या आठवणींचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ आपणांस लाभला, हें आपलें भाग्य. पण रोकड जवळ बाळगण्याची जोखीम काय असते, हें त्या ग्रंथाइतकें दुसरीकडे क्वचितच वाचावयास मिळेल.

या जोखमीवर आपल्या देशांतील व्यापाऱ्यांनीं शोधून काढलेला उपाय म्हणजे हुंडी. नरसी मेहत्याची कथा आपण कीर्तनांत ऐकली आहे. द्वारकेस निघालेले यात्रेकरू चोरांच्या भयानें आपली रोकड कोणातरी सावकाराकडे भरून द्वारकेवरची हुंडी घेऊं पाहत होते. गांवांतील टवाळांनीं त्यांना निष्कांचन नरसीकडे पाठविलें. आणि त्यानें द्वारकेच्या शामळशाहावर हुंडी लिहून दिली. देवानें ती हुंडी पटविली कीं नाहीं, हा भक्तीचा विषय. इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाची गोष्ट ही, कीं यात्रेकरूनें हुंडी घेऊन निघावें, ही चाल इतकी सर्वपरिचित होती कीं संतचरित्रांतहि तिला समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं.

हुंडी म्हणजे एका पेढीनें दुसऱ्या गांवच्या पेढीला लिहिलेला, अमुक रक्कम द्यावी असा कागद. यात्रेकरूनें आपल्या गांवीं रोकड भरावी, हुंडणावळ म्हणून कांहीं रक्कम द्यावी, कागद घेऊन हलक्या हातानें निघावें आणि पोंचल्यावर कागद दाखवून रोकड उचलावी. परंतु हुंडी ही एक वस्तु नव्हती. तिचे प्रकार होते, आणि त्यांतून निवड करावी लागे. आपल्या आजच्या विषयाचें मर्म येथें आहे.

पहिला भेद मुदतीचा. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या दिवसांनंतर मिळत. मधल्या काळांत पैसा कोणाचा तरी वापरला जात असे आणि त्याची किंमत बाजारांत ठरे. यात्रेकरूला दर्शनी हुंडी सोयीची. माल विकून पैसे चुकविणाऱ्या व्यापाऱ्याला मुदती सोयीची. मुदती हुंडी घेऊन यात्रेस निघणारा आणि दर्शनी हुंड्यांवर व्यापार करूं पाहणारा, दोघेहि सारखेच अडचणींत येत.

दुसरा भेद, पैसे कोणाला द्यावयाचे हा. देखाडनारजोग हुंडी जो दाखवील त्याला मिळे. ती हरवली म्हणजे रोकडच हरवली. नामजोग हुंडी कागदांत ज्याचें नांव असेल त्यालाच मिळे. धनीजोग हुंडी तिच्या खऱ्या धन्यालाच द्यावयाची. आणि शहाजोग हुंडी बाजारांतील पतवान शहाच्या, म्हणजे प्रतिष्ठित पेढीवाल्याच्या, हातूनच सादर व्हावी लागे. ती चोरीची निघाली, तर पैसे उचलणाऱ्या शहानें आपणांस ती कोणाकडून मिळाली तें दाखवून द्यावें, नाहीं तर पैसे परत करावे, अशी रीत होती. चोराला हुंडी चोरतां येई, पण शहाची पत चोरतां येत नसे. आज वरकरणी सोज्वळपणाचा आव आणणाऱ्याला आपण 'शहाजोग' म्हणतों. मूळचा शब्द मात्र खऱ्या पतीचा होता. शब्दालाहि कालांतरानें बट्टा लागतो, तो असा.

तिसरा भेद जोखमीचा. जोखमी हुंडी मालाबरोबर निघे. माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे द्यावयाचे, वाटेंत बुडाला तर नाहीं. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदांत. जोखीम कोणाची, हा प्रश्न येथें कागदाच्या नांवांतच लिहिलेला आहे. आजच्या कार्डांच्या नांवांत तो लिहिलेला नसतो, एवढाच फरक.

लबाडीलाहि त्यांनीं वाव ठेवला नव्हता. रक्कम एकदांच लिहून ते थांबत नसत. रुपये शंभर, त्याचे निमे पन्नास, पन्नासाचे दुप्पट पुरे शंभर, अशा धर्तीवर आंकडा उलटसुलट लिहीत, म्हणजे एखादें शून्य वाढवून भागत नसे. लिहिणारी पेढी घेणाऱ्या पेढीला निराळें पत्र पाठवून अशी हुंडी येत आहे, अशी सूचना देई. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची पेठ, म्हणजे दुसरी प्रत, मिळे. तीहि गेली तर परपेठ. पैसे देऊन झाल्यावर रद्द झालेल्या कागदाला खोखा म्हणत. आज कार्ड हरवलें म्हणजे तें बंद करवून दुसरें मागवितात, त्यांत या जुन्या पेठेची आठवण मला नेहमीं होते. ही व्यवस्था इतकी दृढ होती कीं १८८१ सालीं इंग्रज सरकारनें हुंडी-चेकांचा कायदा केला, तेव्हां देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक चालीरीतींना त्यानें हात लावला नाहीं.

पुढील इतिहास आपण लवकर उरकूं. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या मुलुखासाठीं एकाच वजनाचा व कसाचा रुपया ठरविला आणि सराफाचा बट्टा हळूहळू मावळला. १८६१ च्या कायद्यानें सरकारी नोटा निघाल्या. पण त्यांचीं मंडळें होतीं, आणि एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळांत घेतलीच पाहिजे, असें बंधन नव्हतें. टपालानें नोटा पाठवितांना लोक नोट मधोमध कापीत. एक तुकडा आधीं पाठवीत व त्याची पोंच आल्यावर दुसरा. जोखीम अर्धीअर्धी वांटून घेण्याची ती युक्ति पाहून हुंडीवाल्यांनींहि मान डोलविली असती. १८८० पासून टपालखात्याची मनीऑर्डर आली. १९०३ ते १९११ या अवधींत पांच, दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटा क्रमाक्रमानें देशभर चालूं लागल्या. या नोटा विलायतेहून छापून येत. तें काम १९२८ सालीं नाशिक रोडच्या छापखान्यांत सुरू झालें, आणि ज्या नाशकाच्या टांकसाळेंत एके काळीं गुलशनाबादी रुपये पडत, त्याच नाशकाजवळ हिंदुस्थानच्या नोटा छापल्या जाऊं लागल्या.

आणि आतां कार्ड. १९५० सालीं न्यूयॉर्क शहरांत डायनर्स क्लबचें कार्ड निघालें. त्यावर उपाहारगृहांत जेवावें आणि बिल महिन्याअखेर चुकवावें. आपल्या देशांतील बँकांनीं १९८० नंतर अशीं कार्डें देण्यास आरंभ केला. रुपे हें स्वदेशी कार्ड २०१२ सालीं निघालें. कार्डांचीं नांवें इंग्रजी असलीं तरी त्यांचा अर्थ आपल्या खतावणींत आधींपासूनच आहे. डेबिट म्हणजे नांवें. डेबिट कार्डानें खर्च केला कीं रक्कम तत्क्षणीं आपल्या खात्यास नांवें पडते. पैसा आपला, मुदत नाहीं. ही दर्शनी हुंडी. क्रेडिट कार्ड ही मुदती हुंडी. तीहि दुसऱ्याच्या पैशावर लिहिलेली. आणि प्रीपेड कार्ड म्हणजे प्रवासापुरती रक्कम मोजून भरलेला कमरेचा कसा. गेला तर त्यांत असेल तेवढेंच गेलें, तिजोरी घरीं शाबूत.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे निवड अवघड राहत नाहीं. क्रेडिट कार्डाचें सारें बिल ठरल्या दिवशीं जो न चुकतां पुरें फेडतो, त्याला कित्येकदां पंचेचाळीस-पन्नास दिवस बँकेचा पैसा बिनव्याजी वापरावयास मिळतो. त्याच्यासाठीं हें साधन उत्तम. परंतु बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आंकडा छापलेला असतो. तेवढाच भरून समाधान मानणाऱ्याला उरलेल्या रकमेवर व्याज लागतें, आणि अनेक बँकांचा तो दर महिना शेंकडा तीन किंवा त्याहूनहि अधिक असतो. आतां उषवदाताचे विणकर आठवावे. दोन हजार वर्षांपूर्वीं गोवर्धनच्या श्रेणी दरमहा शेंकडा एक व्याज देत होत्या, तेंहि माग चालवून त्यावर कमाई करून. आपण मात्र जेवणाच्या आणि कपड्यांच्या उधारीवर त्याच्या तिप्पट देण्यास तयार होतों, आणि त्याचा लेख दगडांत नव्हे, बारीक टाइपांत असतो! क्रेडिट कार्डानें यंत्रांतून रोख रक्कम काढली, तर बहुधा पहिल्या दिवसापासूनच व्याज सुरू होतें. दर्शनी हुंडीचें काम मुदती हुंडीकडून करून घेण्याचा हा दंड आहे.

आतां आजीबाईंचा प्रश्न : हरवलें तर बुडालें कोणाचें? कार्ड यंत्राला नुसतें टेंकवून, गुप्त आंकडा न देतां, खर्च करण्याची जी सोय आहे, तिची मर्यादा २०२१ च्या आरंभीं पांच हजार रुपयांपर्यंत वाढविण्यांत आली. तेवढ्यापुरतें तें कार्ड देखाडनारजोग आहे. जो दाखवील त्याचें. गुप्त आंकडा विचारला कीं तेंच कार्ड नामजोग होतें. म्हणून तो आंकडा कार्डावर लिहून ठेवणें म्हणजे नामजोग हुंडी आपल्या हातानें देखाडनारजोग करणें होय. टेंकवून देण्याची ही सोय बंद ठेवण्याची व खर्चाची मर्यादा आपण ठरविण्याची मुभा बँकांनीं ग्राहकांस द्यावी, असा हुकूम रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं काढला. पण ती मुभा घेणारे थोडे.

त्याआधीं २०१७ सालीं रिझर्व्ह बँकेनें जोखमीचा नियमच घालून दिला होता. बँकेचा दोष असेल तर ग्राहकानें कांहीं सोसावयाचें नाहीं. दोष बँकेचाहि नाहीं आणि ग्राहकाचाहि नाहीं, तिसऱ्याच कोणाचा आहे, अशा वेळीं बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकाचें नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंत. त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या धोरणाप्रमाणें. ग्राहकाचाच निष्काळजीपणा असेल, तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें आणि कळविल्यानंतरचें बँकेचें. ग्राहकाचा दोष होता, हें सिद्ध करण्याचा भारहि त्या नियमानें बँकेवरच टाकला. म्हणजे आजच्या जोखमी हुंडीची सारी मदार एका गोष्टीवर आहे : आपण किती लवकर ओरड करतों!

नियम दोन्ही कार्डांना सारखाच, तरी एक भेद राहतो. डेबिट कार्डावर लबाडी झाली तर आपल्या खात्यांतील पैसा प्रथम जातो, आणि तो परत येईपर्यंत यात्रेचा खर्च खोळंबतो. क्रेडिट कार्डावर झाली तर वादांत अडकतो तो बँकेचा पैसा. म्हणून ज्या खात्यांत जन्माची पुंजी आहे, त्याचें डेबिट कार्ड गर्दीच्या ठिकाणीं नेऊं नये. प्रवासासाठीं थोडक्या रकमेचें निराळें खातें ठेवावें, हें शहाणपणाचें. आणि हुंडणावळ कोण देतो, हेंहि विसरूं नये. कार्डावर पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदाराच्या रकमेंतून कांहीं हिस्सा कापला जातो. रुपे डेबिट कार्डावरील ही कपात २०२० च्या आरंभापासून माफ झाली. त्र्यंबकच्या पेठेंत फुलें व रुद्राक्ष विकणाऱ्याला हा फरक आपल्यापेक्षां अधिक कळतो.

हें सारें मीं शेजारीं जाऊन सांगितलें, तेव्हां नातवानें मुकाट्यानें तिन्ही कार्डें पुन्हा उचलून पाहिलीं. अखेर ठरलें तें असें. मुक्कामाचें भाडें क्रेडिट कार्डावर, कारण तो मुलगा बिल पुरें फेडणारा आहे. किरकोळ खर्चासाठीं प्रवासापुरत्या खात्याचें डेबिट कार्ड, टेंकवून देण्याची सोय बंद करून. धाकट्या बहिणीजवळ हजार रुपये भरलेलें प्रीपेड कार्ड. बँकेला कळविण्याचा दूरध्वनि-क्रमांक घरांतील दोघांच्या वहीत उतरलेला. आणि तिन्ही कार्डें एका पाकिटांत ठेवावयाचीं नाहींत.

"आणि माझा बटवा?" आजीबाईंनीं विचारलें. नातू कांहीं बोलण्यापूर्वींच मीं म्हटलें, "आजी, तो तर हवाच. सिंहस्थ असो वा श्रावणी सोमवार, हजारों माणसें एका जागीं जमलीं कीं यंत्रांचा संदेश अडकतो. त्या वेळीं कामास येईल ती तुमच्या बटव्यांतली नोट, आणि ती नाशकासच छापलेली असण्याचा संभव आहे."

आजीबाई बटव्याची दोरी आवळीत म्हणाल्या, "म्हणजे कोणतेंहि एकच नेऊं नये, आणि कोणतेंहि न विचारतां नेऊं नये. एवढें सांगायला तुम्हांला दोन हजार वर्षें मागें जावें लागलें होय?"

श्रोतेहो, मजजवळ त्याला उत्तर नव्हतें. पण हुंडी लिहिणाऱ्या जुन्या सराफानें मात्र आजीबाईंना आपल्या गादीवर मानानें बसविलें असतें.